त्याच्या हातचा विस्तव

माघातल्या मंगळवारी सकाळी भाऊ गेला. परसात धुराड्यापाशी बसला होता. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा चिमटा त्याच्या हातात होता आणि आत विस्तव चालू होता.

याला आता सहा आठवडे झाले. मी शाळामास्तर, लिहिण्याची सवय आहे, तरी हे चार शब्द लिहायला एवढे दिवस लागले.

धुराडं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमच्या आईच्या चुलीवर मटण कधी चढलं नाही. मटण म्हणजे परस, वेगळी भांडी आणि शिजवायला पुरुषमाणूस, अशी घरातली रीत. वडील गेल्यावर ते काम भाऊकडे आलं. तो बैलगाडीनं साक्रीकडच्या जंगलातून कोळसा आणून धुळ्यातल्या लोहारांना आणि हलवायांना पोचवत असे. तिकडे कोळसा पाडणाऱ्या एका म्हाताऱ्या भिलाशी त्याचं मैत्र जमलं. शिकारीचं मांस धुरावर सुकवून महिना महिना कसं टिकवायचं, ते त्या म्हाताऱ्यानं त्याला शिकवलं. भाऊनं घरी येऊन धान्याची एक फुटकी मातीची कोठी परसात उभी केली, खाली विस्तवासाठी भोक पाडलं, वर आडव्या सळ्या बसवल्या आणि झाकायला ओलं गोणपाट. मिठात मुरवलेल्या मांसाच्या पट्ट्या त्या सळ्यांवर तीन-चार दिवस लटकत. शेजारपाजारचे हसायचे. मग सणावाराला वाटी घेऊन तेच यायचे.

खरी विद्या मांसात नव्हती, कोळशात होती. पोतं उलटं करून भाऊ एकेक तुकडा उचलायचा, दुसऱ्यावर आपटून कानाशी धरायचा. पक्का कोळसा खणखणीत वाजतो, आत कच्चं लाकूड राहिलं असेल तर ठक्क असा मुका आवाज येतो. मुके तुकडे तो बाजूला काढी… ते धुमसतात आणि मांस कडू करतात. पळसाचा कोळसा त्याला नको असे, घटकाभरात राख. बाभळीचा चालायचा. पण धुराड्यासाठी अंजनाचा, हातात घेतला की जड लागणारा, राखेखाली रात्र काढणारा. भोकाच्या तोंडाशी एक खापर ठेवलेलं असे, ते बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून तो हवा देई. "भूक लागेल इतकीच दे," म्हणायचा. "पोटभर दिलीस तर भडकतो, उपाशी ठेवलास तर मरतो."

हे मला का ठाऊक, तर मी शेजारी पुस्तक घेऊन बसलेला असायचो. एकदा त्यानं मला धुराडं राखायला सांगितलं आणि नशिराबादला एका लग्नाला गेला. मी वाचत बसलो. विस्तव मंदावलेला दिसला तसा हाताला लागेल तो कोळसा आत लोटला, त्यात त्यानं बाजूला काढलेले मुके तुकडेही गेले. दुसऱ्या दिवशी त्यानं एक पट्टी तोडून तोंडात घातली, चावली, गिळली. मी खाली मान घालून उभा. तो वहिनींना म्हणाला, "मास्तरनं मांसाले शाळा शिकाडी वाटते. बठ्ठं कडू व्हयनं." हसला आणि सगळं मांस नेऊन टाकून आला. मला एका शब्दानं बोलला नाही. त्यानंतर मी धुराड्याला हात लावला नाही… त्यानंही कधी सांगितलं नाही.

या वेळचं मांस गोदीसाठी होतं. गोदी त्याची एकुलती लेक, शिंदखेड्याला दिलेली. बाळंतपणातून उठली होती, अन्नावर वासना नव्हती. तिनं निरोप पाठवला होता, "आबाले सांगा, धुराडं पेटाडा, मी येस." भाऊनं रविवारी पेटवलं. निम्मं काम झालं होतं.

मुलगा नव्हता, म्हणून मडकं धरायचं माझ्याकडे आलं. मयताबरोबरचा विस्तव घरातूनच न्यायचा असतो, आणि चहापुरती पेटवलेली चूल एव्हाना विझली होती. आमचे चुलते नाना म्हणाले, शेजारून निखारे आणा. वहिनी तोवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "परसात विस्तव शे."

"मांसाखालचा?" नाना ओरडले. "डोकं ठिकाणावर शे का, सूनबाई?"

"तेसनाच हातना शे तो," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याना विस्तवावर मी तेसले धाडाऊ नई."

नाना माझ्याकडे वळले. "घे बाबा. पण मास्तर, वाटमा इझना तर मले सांगू नको."

मी धुराड्यापुढे बसलो. भाऊच्या हातातून काढलेला चिमटा तिथंच पडला होता. राख बाजूला केली. जळता निखारा वाजवून बघता येत नाही, पण त्यावर हलकी फुंकर घातली की कच्चा तडतडतो, ज्योत दाखवतो आणि पक्का नुसता लाल होतो, हे मी त्याला करताना पाहिलं होतं. एकेक निखारा उचलून फुंकत होतो. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अर्धा न्या, अर्धा राहू द्या. पोरगी येवावर शे." मी अर्धे निखारे मडक्यातल्या गोवऱ्यांवर ठेवले, अर्धे राखेखाली झाकले, खापर बोटभर सरकवलं.

पांझरा नदीच्या वाटेवर वारा समोरून होता. मडक्याच्या तोंडावर पंजा आडवा धरून मी चाललो, बोटं थोडी फाकवून… भूक लागेल इतकीच. मागचं रडणं मला ऐकू येत नव्हतं. विसाव्याला तिरडी खाली ठेवली तेव्हा नाना जवळ आले, माझा हात बाजूला करून त्यांनी मडक्यात डोकावलं. बराच वेळ वाकून बघत राहिले. "जित्ता शे," म्हणाले, आणि तिथंच रस्त्यात बसून लहान पोरासारखे रडू लागले.

घरी आलो. मयताच्या घरात विस्तव पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. धुराड्याकडे बघून कोणी कुजबुजलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "आम्ही कोठे पेटाडा?" पुढचे दोन दिवस मी धुराड्यापाशी बसलो. पुस्तक नव्हतं. एकेक तुकडा वाजवून, कानाशी धरून आत घालत होतो. गोदी त्याच मंगळवारी संध्याकाळी पोचली होती, बापाचं तोंड तिला दिसलं नाही. त्या रात्री ती लेकराला मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसली, धुराड्याला पाठ टेकून. ऊब होती.

सुतकात मांस कोणी तोंडात घालणार नव्हतं. ते टिकावं म्हणून तर धुरावर ठेवलेलं. तेरावं झाल्यावर गोदीनं फडक्यात बांधून शिंदखेड्याला नेलं. वहिनी आता मांस खात नाहीत. परवा गोदीचं पत्र आलं, जावयाच्या हातचं. "काका, कडू झालेलं नाही. पण आबा असते तर काहीतरी खोड काढली असतीच."

ती खोड कोणती, ते मला आता कळायचं नाही.

मांस नेईपर्यंत मी विस्तव राखला, मग कोळसा घालणं थांबवलं. तो आपोआप विझला, राख आम्ही काढलेली नाही. चिमटा भोकापाशी आहे. भिंतीशी अंजनाच्या कोळशाचं अर्धं पोतं आहे, भाऊनं निवडून ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी मुक्या तुकड्यांचा छोटा ढीग.