माझ्या नावाचा चिमटा

डबा गोलात फिरून माझ्याकडे भरलेलाच परत आला.

सातवीत होते. रत्नागिरीजवळची शाळा. शनिवारी शेवटी 'भावनांचा तास' असायचा. गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं. त्या दिवशी 'वाटून खाऊ' होतं. डबे हातोहात फिरवायचे, प्रत्येकाने घासभर घ्यायचं. आईने पहाटे उठून घावने केले होते. कुणाला मासळीचा वास यायला नको म्हणून तवा दोनदा घासला होता.

शेजारी बागवाल्यांचा मुलगा. त्याने झाकण उघडलं, परत लावलं. "बौद्धवाडीतलं आमच्यात खात नाहीत." रागाने नाही, पाढा म्हणावा तसं म्हणाला. पुढच्यांनी झाकणही उघडलं नाही. बाई फोटो काढत होत्या.

लाज त्याला वाटायला हवी होती. वाटली मला. येताना घावने कुत्र्याला घातले. रिकामा डबा बघून आई हरखली. "आवडले ना गो पोरांना? पुढच्या टायमाला जास्ती करीन." मी हो म्हटलं.

सोमवारी कुणीतरी बाईंना सांगितलं. पुन्हा गोल. भिंतीवर एक तक्ता होता, त्यावर हसरा, रडका, रागीट असे चेहरे. प्रत्येकाच्या नावाचा एक चिमटा, जसं वाटेल तसा त्या चेहऱ्याला लावायचा. माझा रागीट चेहऱ्यावर होता. पण उठताना सगळ्यांचे चिमटे हसऱ्या चेहऱ्यावर हवेत, तोवर घरी सोडायचं नाही, असा बाईंचा नियम.

"सॉरी," मुलगा छताकडे बघत म्हणाला. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

"आता तू म्हण, माफ केलं."

घंटा झाली. पोरं दप्तरं पाठीला लावून माझ्याकडे बघत होती. "म्हण ना गो, एसटी चुकेल."

"राग धरला की आपलंच मन नासतं, बाळा," बाई म्हणाल्या.

वा! डबा माझा परत आला, मनही माझंच नासणार, आणि पोरांचा खोळंबाही माझ्यामुळेच. तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी बाईंनी वैतागून सगळ्यांना सोडलं.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. ती बागेतल्या कामावरून तशीच आली, हातावर आंब्याच्या चिकाचे डाग घेऊन. बाग त्याच मुलाच्या वडिलांची. बाईंनी भर वर्गात, गोड आवाजात तिला सगळं सांगितलं. डबा भरलेलाच परत आला, हेही.

आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडली असती, दोन फटके मारले असते तरी चाललं असतं. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं.

मग तिने पदर सावरला. "पोरग्याने सॉरी म्हटलान ना? झाला तर. केला माफ." वळून मला हळूच म्हणाली, "आंब्याची कलमं त्यांची हायत गो बाय. नको वाढवू." बाईंना विचारलं, "हिचा चिमटा कुठला?" तो काढला, हसऱ्या चेहऱ्याला लावला. बाई हसल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

माझ्या आईकडून माफी वसूल करून घेतली होती, आणि वर टाळ्या.

मी उठले. चिमटा काढला, रागीट चेहऱ्याला लावला.

"आईने केलं असेल माफ. मी नाही केलं."

टाळ्या थांबल्या. "खाली बस," बाई म्हणाल्या. मी बसले नाही.

पुढच्या मोसमात आईला त्या बागेत कुणी बोलावलं नाही. ती दुसरीकडे राबली, मला त्यावरून कधी बोलली नाही. मी आता कॉलेजात आहे. तिची ती नजर आठवली की अजून मान खाली जाते. ही लाज मला सुटलेली नाही.

पण माफी माझी आहे. ती हुकमाने मिळणार नाही, सॉरी म्हणून तर नाहीच. आमच्या वाडीत या. आईसमोर बसा. तिने वाढलेल्या घावनाचा तुकडा मोडून तोंडात घाला. मग विचारा. द्यायची की नाही, ते तेव्हा मी ठरवीन.