शीतलचा नवरा

प्रितम खरातला आपल्या बायकोचा हेवा वाटतो, हे काजूपाड्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बोरीवली पूर्वेच्या त्या वस्तीत तो हसतमुख माणूस म्हणून ओळखला जायचा. कुणाकडे लाइट गेली की जेवणावरून उठून जाणारा. वडील जालन्याकडून आलेले, आयुष्यभर इमारतींचं रंगकाम केलेले. प्रितमने आयटीआय केलं आणि वायरिंगची छोटी कंत्राटं घ्यायला लागला.

इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हा यात पुढे काम आहे, हे त्याने इतरांच्या आधी ओळखलं. कांदिवलीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तो चार्जर बसवायला लागला. शीतलने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. मुलगी ऋतिका झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. स्वयंपाक उरकला की ती त्याची ड्रॉइंगं काढून द्यायची.

"तू नुसत्या रेघा मार गं, बाकी मी बघतो," तो म्हणायचा. असं म्हणायला त्याला फार बरं वाटायचं.

मग अंधेरीतल्या एका कंपनीने महामार्गांवर फास्ट चार्जिंग स्टेशनं उभारायला घेतली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या लोकांनी थांबावं, चहा-नाश्ता करावा, तोवर गाडी चार्ज व्हावी, अशी. प्रितमला मुलाखतीला बोलावलं. ड्रॉइंगं समजावून सांगायला लागलं तर असावी म्हणून त्याने शीतलला सोबत नेलं.

कंपनीचे मोठे साहेब चंद्रप्रकाश समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "कसारा घाटाच्या अलीकडे एक जागा घेतलीय. तिथे काय काय लागेल?"

प्रितमने लोड, ट्रान्सफॉर्मर, केबल, अर्थिंग, सगळं धडाधड सांगितलं. साहेब मान हलवत होते. तेवढ्यात शीतल म्हणाली, "सर, कुठल्या गाडीचं चार्जिंगचं तोंड पुढे असतं, कुठल्या मागे. गाड्या तिरक्या लावायला जागा सोडली नाही तर केबल पोचायचीच नाही. आणि बायका-पोरं तिथे अर्धा तास थांबणार. टॉयलेट आणि चांगला उजेड आधी हवा. नाहीतर एकटी बाई तिथे गाडी वळवणारच नाही."

चंद्रप्रकाशांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यानंतर प्रितमला कुणी काही विचारलं नाही.

नोकरीचा फोन आला तो शीतलला. "झकास!" प्रितम म्हणाला. पेढे त्यानेच आणले, चाळभर त्यानेच वाटले. स्वतःचा पेढा मात्र त्याने तसाच खोक्यात ठेवला. मुलाखत माझी होती ना यार, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

त्यानंतर त्याला रोज काही ना काही टोचायला लागलं. सकाळी तिला न्यायला कंपनीची गाडी यायची आणि ड्रायव्हर खालून हाक मारायचा, "मॅडम!" तो तेव्हा कुठल्यातरी सोसायटीच्या तळघरात जायला निघालेला असायचा. तिथे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, आणि चार्जरचं बिल कुणी भरायचं यावर भांडणारी कमिटी. शीतल साइटवरून डोंगरांचे फोटो पाठवायची. तो ते न उघडताच अंगठा दाखवायचा. नातेवाईक तिचं कौतुक करायला लागले की म्हणायचा, "काम मजूरच करतात, ही फक्त उभी असते."

शेजारच्या चंपामावशींनी तर कळसच केला. घरी आलेल्या पाहुणीला त्यांनी सांगितलं, "हा आपल्या शीतलचा नवरा." बिचाऱ्या प्रेमाने म्हणाल्या होत्या. प्रितम त्या दिवशी घरी न जाता बराच वेळ नाक्यावर उभा राहिला.

मे महिन्यात घाटाखालच्या स्टेशनचं काम संपत आलं आणि शीतल तापाने आडवी झाली. ती म्हणाली, "प्रितम, तू एकदा जाऊन बघून येशील? तुझी नजर पडली की मला शांत झोप लागेल."

तो गेला. गेटवर मुकादमाने विचारलं, "मॅडमचे मिस्टर ना तुम्ही?" तिथेच त्याचं डोकं फिरलं.

काम चांगलं झालं होतं. इतकं चांगलं की चूक शोधत तो पुन्हा पुन्हा फिरला. अखेर सापडली. शेडवरच्या पाण्याचा पाइप नेमका केबलच्या चरापाशी सोडला होता. जोराचा पाऊस लागला की सगळं पाणी चरात उतरणार. पाइपचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं की झालं, एवढंसं काम. प्रितम त्या पाइपाजवळ थोडा वेळ उभा राहिला. मग घरी येऊन म्हणाला, "सगळं बरोबर आहे."

शीतल खरंच शांत झोपली.

स्टेशन सुरू झालं. सुरुवातीचा पाऊस बेताचा होता, काही झालं नाही. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली आणि पावसाने शहापूरपासून घाटापर्यंत झोडपून काढलं. चरात पाणी भरलं, चार्जर एकामागून एक बंद पडले. शीतल सकाळीच तिकडे धावली. ती पोचल्यावर थोड्या वेळाने कुणीतरी केलेला व्हिडिओ प्रितमच्या फोनवर आला. गाड्यांची रांग लागलेली, मधोमध रेनकोटातली शीतल, आणि एक माणूस तिच्या तोंडापाशी बोट नाचवत ओरडत होता, "काम येत नाही तर घरी बसा ना!"

आपल्याला आनंद होईल असं प्रितमला वाटलं होतं. झाला नाही. हे वाक्य आपणच मनात कितीदा म्हटलंय, तेवढं त्याला आठवलं. त्याने गाडीत पाण्याचा पंप टाकला, ऋतिकाला चंपामावशींकडे सोडलं आणि घोडबंदरमार्गे निघाला.

तिथे नाशिकला साखरपुड्याला निघालेलं एक कुटुंब अडकलं होतं. नवरी मुलगी नेसलेला शालू गुडघ्यापर्यंत उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि शीतलच तिला चहा देत होती. प्रितमला बघून शीतलचा चेहरा उजळला. त्याला ते सहन झालं नाही.

"शीतल, तो पाइप मी मे महिन्यातच बघितला होता."

"मग? सांगायला विसरलास?"

"नाही. मुद्दाम बोललो नाही."

तिने चहाचा कप नवरीच्या हातात दिला. मग म्हणाली, "पंप लाव आधी."

मेन सप्लाय बंदच होता. त्यांनी पाणी उपसलं, पाइप कापून वळवला, जोड उघडून सुकवले, तपासले. संध्याकाळी एक चार्जर चालू झाला. पहिली गाडी नवरीची लागली.

परतताना शीतलने विचारलं, "का रे?"

"लोक तुला मॅडम म्हणतात. ती मुलाखत माझी होती."

"मला वाटायचं, तुला माझा अभिमान आहे."

"आहे ना. पण त्याच्यापेक्षा हे जास्त आहे."

ती खिडकीबाहेर बघत रडली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. ऑफिसात तिने सांगितलं, शेवटची पाहणी मी स्वतः करायला हवी होती, चूक माझी. साहेबांनी झापलं, पण काम काढून घेतलं नाही. हे कळल्यावर प्रितमला हायसं वाटलं, आणि लगेच त्याचाही हेवा वाटला. आपल्याला असं जमलं नसतं.

एकदा भांडी घासता घासता तिने विषय काढला. "तुझं जळणं जाणार नाही, मला कळलंय. जळ. पण तोंडाने सांगून जळ. पुन्हा ते माझ्या कामावर काढलंस तर मी ऋतिकाला घेऊन वेगळी राहीन."

"सांगत जाईन," तो म्हणाला.

हिवाळ्यात अहमदाबाद रस्त्यावर मनोरजवळ तिचं नवं काम सुरू झालं. तिने त्याला बघायला बोलावलं. या वेळी तीही सोबत होती. प्रितम सगळीकडे फिरला आणि मुकादमासमोर, मुद्दाम मोठ्या आवाजात, त्याने तिच्या तीन चुका काढल्या. शीतलने शांतपणे ऐकलं. दोन तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगितल्या.

"तिसरी चूक नाहीये," ती म्हणाली.

"मला माहितीये," प्रितम म्हणाला. "पण आज सकाळपासून जाम जळतोय मी."