माझी पहिली विद्यार्थिनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, जिला मी पोटदुखीपासून सासूपर्यंत सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आणि गंमत बघा — गोष्ट ज्या दिवसांची आहे, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस. आठवले की आजही मी एकटीच हसत बसते. मग हसता हसता त्या एका दुपारपाशी येते, आणि... थांबा. आधी शाळेचं सांगते. टाळते आहे म्हणा हवं तर. टाळतेच आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वाशीमकडची कितीतरी पोरं शाळेतून उठून खडी फोडायला गेली. मीही गेले. परत आले तेव्हा हाताला घट्टे पडले होते आणि डोक्यातली अक्षरं पुसट झाली होती. अशा सुटलेल्या पोरांसाठी जिल्हा परिषदेनं गावाबाहेरच्या कापसाच्या रिकाम्या गोदामात एक हायस्कूल काढलं. चाळीसेक पोरं, तीन मास्तर. सकाळी शेतात काम, दुपारी वर्ग, छडी नाही. कुणाला मिसरूड फुटलेलं, एकाचं तर लग्न झालेलं. एक जण शेळ्या घेऊनच यायचा, त्या दारातल्या बाभळीला बांधायचा आणि भूमितीला बसायचा. गावातली बडी मंडळी आम्हाला 'भंगारची शाळा' म्हणायची. आम्हीही म्हणायचो, आणि छाती काढून म्हणायचो! आपल्याला कुणी बोलावून घेतलं, तेही खडीवरून — हा आनंद काय असतो हे तुम्हाला कसं सांगू?

हेडमास्तर वानखडे गुरुजी. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, म्हणून ते तोंडानंच 'टिंग टिंग' करत यायचे. आमच्याकडून त्यांची अपेक्षा एकच. मॅट्रिकला बसण्याआधी प्रत्येकानं गावातल्या एका माणसाला काहीतरी शिकवायचं, आणि गॅदरिंगच्या दिवशी त्या माणसानं ते साऱ्या गावासमोर करून दाखवायचं. याला ते 'एकाला एक' म्हणायचे. आमच्या आधीच्या वर्षी एकानं आपल्या आजोबांना सायकल शिकवली होती. आजोबा स्टेजपर्यंत झोकात आले, पण थांबायचं कसं हे नातवानं शिकवलंच नव्हतं. ते थेट उकिरड्यात गेले आणि तिथून हात हलवत राहिले. लग्न झालेल्या पोरानं बायकोला घड्याळ शिकवलं, आणि मग घरी यायला किती उशीर झाला हे ती त्याला मिनिटासकट सांगू लागली. असा तो सगळा मामला. हसून हसून मुरकुंडी वळायची.

मला शिकवायचं होतं वाचायला. पण मी पहिल्यापासून चालढकल करणारी. मी निघाले तोवर गावातली सगळी निरक्षर माणसं लोकांनी पटकावलेली! ज्या म्हातारीकडे जावं ती म्हणे, "मले तं त्या पोट्ट्यानं अगुदरच धरलं." शेवटी मी गेले हमीदाचाचीकडे.

हमीदाचाची बांगड्या भरायची. पस्तिशीची असेल, विधवा, पायानं थोडी अधू. डोक्यावर टोपली घेऊन शिरपूर, किन्हीराजा, आसपासची खेडी पायी करायची. आमच्या बौद्धवाड्यात आली की पहिली आमच्या ओट्यावर टेकायची. मी तिला म्हटलं, चाची, मी तुला वाचायला शिकवते. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग टोपली सोडून खदाखदा हसली.

"अवं पोरी, मले येते वाचता. मामाच्या घरी अनसिंगले राहून चौथी पास केली म्या."

मग गावात कुणाला कसं माहीत नाही?

"कोनी इचारलंच नाई."

आता इथं मी उठून दुसरं माणूस शोधायला हवं होतं. की नाही? पण चाचीचा स्वभाव मिस्कील. तीच म्हणाली, "शिकव मंग मले. मी ढ आहो असं समज." आणि मी हो म्हटलं. इथवरची चूक मी तुमच्यासमोर हसत हसत कबूल करते. इथवर ती पोरखेळच होती.

त्या तीन महिन्यांच्या दुपारी! चाचीच्या बांगड्या रद्दी कागदात गुंडाळून यायच्या. ती प्रत्येक कागद मांडीवर घासून सरळ करायची आणि वाचायची. बातमी कधीच पूर्ण नसायची. विहिरीत पडलेला बैल पुढे निघाला का? पळून गेलेली नवरी सापडली का? कागद तिथंच फाटलेला. मग शेवट आम्ही रचायचा. माझ्या शेवटात बैल वर यायचा. चाचीच्या शेवटात बैल वर येऊन मालकालाच विहिरीत ढकलायचा. आम्ही इतक्या हसायचो की माझी आई घरातून ओरडायची, "हे शिक्षण चालू हाय का तमाशा?"

पण एक गोष्ट मी अजून तुम्हाला सांगितली नाही. वाचता मलाच येत नव्हतं. म्हणजे यायचं, पण अक्षरावर बोट ठेवून, जोडाक्षर आलं की ठेचकाळत. पाठांतर दांडगं, म्हणून शाळेत निभावून न्यायची. गुरुजींनाही ते कळलं नव्हतं. चाचीला पहिल्याच दिवशी कळलं. "माह्या डोळ्याले आज पानी येऊन राह्यलं, तूच वाच," म्हणायची आणि कागद माझ्या हातात द्यायची. रोज तिच्या डोळ्याला पाणी यायचं. मी अडले की ती पुढचा शब्द हळूच, बांगडी निवडता निवडता, जणू स्वतःशीच म्हणायची. तीन महिन्यांत माझं बोट कागदावरून उठलं. एका दुपारी अख्खा कागद मी न थांबता वाचला, आणि आम्ही दोघी ओट्यावर फुगडी घालायला उठलो. तिचा पाय अधू, त्यामुळे फुगडी एकाच बाजूला जात होती.

गॅदरिंगला चाचीनं कमाल केली. पदर सावरत स्टेजवर आली, घाबरल्यासारखं केलं, पहिल्या ओळीला दोनदा अडखळली — अगदी मी अडखळायची तिथंच — आणि मग सबंध उतारा वाचला. टाळ्या थांबेनात. माझा बाप मागे उभा होता, त्यानं फेटा काढून हवेत उडवला. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "ही आपल्या शाळेची खरी मॅट्रिक." माझ्या गळ्यात हार पडला. मला वाटलं, मी तरंगते आहे.

आता ती दुपार.

त्यानंतर महिनाभरात शाळेला जोडून बालवाडी मंजूर झाली. तिच्यासाठी गावातलीच बाई हवी होती, निदान चौथी शिकलेली. चाची आमच्या ओट्यावर आली. त्या दिवशी तिनं कागद वाचला नाही. म्हणाली, गुडघे आता ऐकत नाहीत, उन्हात चालवत नाही, आणि लेकरांमध्ये बसून गोष्टी सांगायला तिला फार आवडेल. मग तिनं जे विचारलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"मी चौथी पास हाव म्हून सांगू का गुरुजीले? तुयं नाव तं खराब नाई होनार ना?"

कळलं ना तुम्हाला? स्वतःच्या चौथीसाठी ती माझी परवानगी मागत होती.

मी म्हटलं, थांब चाची, मी बोलते गुरुजींशी.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनीच मला बाभळीखाली बोलावलं. त्यांच्या डोक्यात तीच होती. म्हणाले, "हमीदाबाईंना जमेल का गं? चौथीच्या अटीचं मी बघतो, वर लिहितो. पण तू शिकवलंस, तुला ठाऊक. खरं सांग." त्यांनी मला सगळं हातात आणून दिलं होतं. मला चाचीची चौथीही सांगावी लागणार नव्हती, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की ती रोज शाळेत येणार, फळ्यावर लिहिणार, आणि तीन महिन्यांत कुणी असं लिहीत नाही हे आठ दिवसांत सगळ्यांना दिसणार. माझा हार, बापाचा फेटा, ट्रेनिंग कॉलेजसाठी गुरुजी देणार होते ती चिठ्ठी... हे सगळं मला एका क्षणात दिसलं. एवढं भराभर मी कधी गणितही केलं नव्हतं.

मी म्हणाले, "नाही जमणार गुरुजी. अजून अडखळतात त्या."

गुरुजींनी मान हलवली. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुकही केलं.

गावात दुसरी कुणी मिळाली नाही, म्हणून बालवाडीवर जवळच्या मालेगावहून बाई आली. चाचीनं मला काहीच विचारलं नाही. कॉलेजला निघाले तेव्हा ती ओट्यावर येऊन माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरून गेली. ती सत्तरीपर्यंत टोपली घेऊन चालत होती. मी बस थांब्यावर उभी असताना ती कितीदा तरी मला रस्त्याच्या कडेनं जाताना दिसली. मी हाक मारायचे, ती हसून हात करायची.

मी चाळीसएक वर्षं शिकवलं. चांगलं शिकवलं, हे मी खोट्या नम्रतेनं नाकारणार नाही. जे मूल बोट ठेवून वाचतं, त्याच्याजवळ बसायचं आणि पुढचा शब्द हळूच, स्वतःशीच म्हणायचा — ही माझी पद्धत. तालुक्यातले शिक्षक ती बघायला यायचे. ही कुठं शिकलात, असं विचारायचे. मी म्हणायचे, अनुभवातून.

निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. भाषणात मी 'एकाला एक'ची गोष्ट सांगितली. नेहमी सांगायचे तशीच सांगितली. आणि सरपंच म्हणाला, मॅडमची पहिली विद्यार्थिनी आज इथं बसली आहे! पहिल्या रांगेत हमीदाचाची होती. नातवानं तिला धरून उभं केलं. पुरती वाकलेली, पण डोळे तसेच मिस्कील. माइक तिच्यापुढे आला. मला वाटलं, आता. खरंच सांगते, क्षणभर मला हलकंही वाटलं.

चाची माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हो ब्वा. हिनंच शिकवलं मले."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचीनंही वाजवल्या. मी वाकून तिच्या हातून हार घालून घेतला.

मी तिला काही शिकवलं नाही. तिनं मला वाचायला शिकवलं.