तिथीची पाऊणपट

दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचं एक गोडाउन होतं आणि त्या गोडाउनात भानुदास मुणगेकर स्टोअरकीपर होता. शनिवार ते गुरुवार त्याचं मत कोणी विचारत नसे. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे एवढं सांगितलं की त्याचं बोलणं संपलं. लेबनीज मॅनेजरच्या तोंडी ‘यल्ला भानू’ म्हणजे चल आणि ‘खलास भानू’ म्हणजे संपलं, असे दोनच हुकूम होते, आणि या दोन हुकुमांत त्याची पाच-सहा वर्षं गेली होती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पगार वेळेवर होत होता.

शुक्रवारी मात्र हाच माणूस ताठ चाले. दुबईच्या करामामधली चार-पाच मराठी कुटुंबं गाड्या काढून, मसाफीचे डोंगर ओलांडून, फुजैराच्या किनाऱ्याला जात. तिथे अल अकाच्या पुळणीसमोर दोनशे पावलांवर खडकाचं एक बेट आहे. भरतीला तिथे पोहूनच जावं लागतं. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं आणि डोळ्यांना मास्क लावला तर खडकाभोवतीचे रंगीत मासे दिसतात. चालत जायची वेळ कुठली, हे भानुदास सांगे. बँकेतले ऑफिसर, कॉन्ट्रॅक्टर, मसाल्याचे व्यापारी, सगळे पॅंटी दुमडून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत, आणि हा बोटांची पेरं मोजत उगाच जरा जास्त वेळ लावी. माणूस होता शेवटी.

हिशेब तसा अवघड नव्हता. देवगडजवळच्या त्याच्या गावात तो लहान पोरांनाही येतो. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्र भरतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा तासांनी पुरती ओहोटी. फुजैराचं पाणी गावच्यापेक्षा पावणेदोन तास आधी भरतं, हे त्याने वर्षभर दर शुक्रवारी खडकावर खडूच्या खुणा करून शोधून काढलं होतं. हे मात्र त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्याचा तोरा होता.

सगळे बेटावर जात तेव्हा किनाऱ्यावर चटईवर एक बाई बसून राही. ती त्याची बायको कुमुद. डबे, टॉवेल, सगळ्यांच्या चपला आणि गाड्यांच्या चाव्या तिच्याजवळ असत. तिने कधी पायाचं बोटही ओलं केलं नाही. कोणी आग्रह केला तर म्हणे, “माझं सासवड. आम्हाला कऱ्हेचं पाणी पुरतं.” लोक हसत आणि पुढे जात. भानुदासला हसू येत नसे, कारण ती पाण्यापासून कुठे तुटली होती ते त्याला ठाऊक होतं.

लग्नानंतर चारच महिन्यांनी, पंच्याऐंशीच्या जानेवारीत, ती गावी समुद्रावर एकटी गेली होती. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक मोठा कातळ होता, ओहोटीला त्याच्यापर्यंत वाळूतून वाट पडे. सासवडच्या पोरीला त्या कातळावर बसून समुद्र बघायचा होता. भानुदासने अंगणात उभ्या उभ्या पेरं मोजली आणि सांगितलं, “आज तेरस. साडेपाचपर्यंत खुशाल बस. वाट उघडी आहे.” तिच्या मनगटावर तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, लग्नात दिलेलं घड्याळ होतं. सव्वापाचला ती उठली, आणि वाट नव्हती. चारी बाजूंनी पाणी होतं. कमरेपर्यंत चढलं, मग छातीपर्यंत चढलं. कमरुद्दीन नावाचा मासेमार होडी घेऊन परतत होता, त्याने तिला दंडाला धरून वर ओढलं. भानुदास किनाऱ्यावर पोचला तो नेमका साडेपाचला, शीळ घालत.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, “तुझं घड्याळच मागे पडलं असणार. मी सांगितलेली वेळ चुकायची नाही.” सासूबाईंनी मान डोलावली. मुणगेकरांच्या घरात पाण्याचा हिशेब चुकत नाही, हे त्यांना माहेरच्या नावापेक्षा पक्कं माहीत होतं. कुमुदने घड्याळ काढून ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर तिने घड्याळ कधी घातलं नाही. वेळ बघायची झाली की शेजारच्याला विचारी.

त्याच संध्याकाळी भानुदासने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं होतं. त्या पंधरवड्यात द्वादशी दोन दिवस आली होती. त्याने बोटांवर मोजताना ती एकच धरली. म्हणजे तेरस नव्हतीच, दुसरी द्वादशी होती, आणि पाणी पाऊण तास आधी चढलं होतं. त्याने कॅलेंडरचं पान तसंच सोडलं आणि जेवायला बसला. भ्याला, दुसरं काही नाही. नवीन लग्न, घरात वडीलधारी माणसं, आणि आपल्याजवळ मिरवायला ही एकच विद्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली, आणि जुनी झालेली गोष्ट सांगायला नवीपेक्षा कठीण जाते.

मनात मात्र त्याने एक गोष्ट धरून ठेवली होती. कुमुदला एकदा, एकदाच, समुद्रातून चालवत पलीकडे न्यायचं. ती हात धरून चालत गेली की झालं गेलं फिटलं. मग सांगायचीही गरज नाही, असं त्याला वाटे. हा त्याचा हिशेबही बोटांवरचाच होता.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात त्याला संधी दिसली. करामामध्ये विलास नावाच्या माणसाचं ट्रॅव्हलचं ऑफिस होतं. त्याने मराठी लोकांसाठी तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्याची सहल काढली. थालीपीठ-पिठल्याची सोय, रोज दुपारी समुद्र, डोंगरातल्या पायवाटा, पडकी जुनी नगरं. भानुदासने माहितीपत्रक बघितलं आणि त्यातल्या एका फोटोवर त्याचं बोट थांबलं. किनाऱ्यासमोर बेट, बेटावर पडका बुरूज, मध्ये निळं पाणी. थेट अल अका, फक्त हिरवं.

“विलासशेठ, इथे आपण लोकांना समुद्रातून चालत नेऊ,” तो म्हणाला. “अमावास्या पकडा. अमावास्येला पाणी जेवढं ओसरतं तेवढं कधीच नाही.”

“अमावास्येला? अहो मुणगेकर, आपले लोक त्या दिवशी नवीन चप्पल घालत नाहीत, विमानात कुठले बसतायत!”

“विमानात आधी बसू. अमावास्या चौथ्या दिवशी येऊ द्या.”

विलासला कल्पना आवडली. ‘चौथा दिवस: समुद्रातून चालत बेटावर. मार्गदर्शन श्री. मुणगेकर’ असं त्याने छापूनच टाकलं. भानुदास ते पत्रक घेऊन घरी आला.

“माणशी चोवीसशे दिरहम? म्हणजे तीस हजार रुपये झाले की!” कुमुद म्हणाली. मग तिने फोटो निरखून बघितला. “पाणी पुरतं जातं का तिथे?”

“पुरतं जातं. अमावास्या आहे.”

तिने पत्रकाची घडी घातली. “पुरतं गेलं, वाळू दिसली, तर मी येईन,” ती म्हणाली. सोळा वर्षांत समुद्राबद्दल ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. भानुदासला त्या रात्री जेवण गेलं नाही इतका आनंद झाला.

त्यांची मुलगी स्वानंदी ऊद मेथा भागातल्या शाळेत आठवीत होती. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “बाबा, मेडिटरेनियनला टाइड्स नसतात. ऑलमोस्ट नथिंग. इट्स इन अवर जॉग्रफी बुक.”

“समुद्र आहे ना? मग भरती-ओहोटी असणारच. चंद्र काय तिथे रजेवर जातो?”

“ओके. डोन्ट बिलीव्ह मी.”

त्याने विश्वास ठेवला नाही. देवगडपासून दुबईपर्यंत त्याने जेवढे समुद्र बघितले ते सगळे रोज दोनदा जात होते आणि दोनदा येत होते.

किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचल्यावर डोळे उघडायला तीन दिवस मिळाले होते. होड्या धक्क्याला अगदी आखूड दोराने बांधलेल्या होत्या. भानुदास हसून म्हणाला, “ओहोटीला लटकतील बिचाऱ्या!” हॉटेलवाल्यांनी टेबलं-खुर्च्या पाण्यापासून हातभर अंतरावर मांडल्या होत्या. तो म्हणाला, “भरतीला वाहून जातील, बघा तुम्ही.” ना होड्या लटकल्या, ना खुर्च्या वाहिल्या. पण सकाळी डोंगरातल्या वाटा, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी बाजार, या धबडग्यात त्याने पाण्याकडे सलग असं बघितलंच नाही. बघायची गरज त्याला वाटली नाही. त्याच्याजवळ तिथी होती.

चौथ्या दिवशी दुपारी बावीस माणसं किनाऱ्यावर जमली. पॅंटी दुमडलेल्या, साड्या खोचलेल्या, पुरुषांच्या गळ्यात कॅमेरे. कुमुद सगळ्यांत पुढे उभी होती. तिने चपला हातात घेतल्या होत्या.

“किती वाजता, मुणगेकर?” विलासने विचारलं.

“पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तास. पण इथला फरक माहीत नाही, म्हणून आधीपासून थांबू. सुरुवात झाली की कळेल.”

दोन वाजले, तीन वाजले. त्याने पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती. पाणी काटकीला लागून होतं, तसंच राहिलं. चार वाजले. कोणीतरी कलिंगड कापलं. पाच वाजता काटकीच्या बुडाशी चार बोटं वाळू ओली दिसायला लागली आणि भानुदास ओरडला, “सुरू झालं!” मग एक लाट आली आणि ती वाळू परत झाकली गेली. स्वानंदीने बापाकडे बघायचं टाळलं, आणि ते त्याला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी विलासने हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला बोलावून आणलं. भानुदासने तिला मोडक्या इंग्रजीत विचारलं की पाणी कधी जातं. तिने ते धक्क्यावरच्या म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं. म्हातारा समुद्राकडे बघत राहिला, मग भानुदासकडे, आणि काहीतरी बोलला. मुलगी संकोचून म्हणाली, “सर, ही इज आस्किंग, गो व्हेअर?”

हशा पिकला. वाईट हशा नव्हता तो. विलासने लगेच दोन होड्या ठरवल्या, सगळे होडीने बेटावर गेले, बुरुजावर चढले, फोटो काढले, आणि कोणाच्या सहलीत काडीचाही उणेपणा आला नाही. स्वानंदीही गेली. किनाऱ्यावर दोघंच उरली. कुमुदने चपला पुन्हा पायात घातल्या होत्या आणि ती एका खुर्चीवर बसली होती.

भानुदास तिच्या शेजारी बसला. त्याची विद्या बावीस माणसांसमोर आपटली होती आणि आता झाकायला काही उरलं नव्हतं. कदाचित म्हणूनच त्याच्या तोंडून ते निघालं.

“चुकलो,” तो म्हणाला. “आणि ही दुसरी वेळ.”

“पहिली कुठली?”

“कातळावरची. त्या पंधरवड्यात दोन द्वादशी होत्या. मी एकच मोजली. पाणी पाऊण तास आधी आलं. तुझं घड्याळ बरोबर होतं.”

कुमुदने मान वळवली. “तुम्हाला हे कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

ती रागावली. आरडाओरडा नाही, पण असा राग की तिचे ओठ पांढरे पडले. “सोळा वर्षं,” ती म्हणाली. “सोळा वर्षं मी माझ्या दादांनी दिलेल्या घड्याळाला खोटं म्हणतेय.” एवढं बोलून ती उठली आणि हॉटेलात निघून गेली. उरलेले चार दिवस आणि करामात परतल्यावरचा महिनाभर ती त्याच्याशी चहा आणि जेवण एवढ्यापुरतंच बोलली. भानुदासने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ते त्याने आयुष्यात केलेलं शहाणपणाचं काम.

शुक्रवारच्या फुजैराच्या फेऱ्या ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर, पुन्हा सुरू झाल्या. लोकांनी त्याची थोडी टिंगल केली, “मुणगेकर, पाणी जाणार ना हो आज? की गो व्हेअर?” आणि मग नेहमीसारखी वेळ विचारली. इथला समुद्र तर अजून त्याच्या मुठीत होता. तरी त्याची बोटं उचलेनात. तो म्हणाला, “तुम्हीच बघा अंदाजाने,” आणि गाडीतून चटई काढायला लागला.

“आज चतुर्दशी,” मागून कुमुद म्हणाली. “चौदाची पाऊणपट साडेदहा. इथले पावणेदोन तास वजा केले की पावणेनऊ. पावणेतीनला पुरतं ओसरेल. साडेतीनच्या आत परत फिरायचं.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. भानुदासही.

“कॅलेंडर बघून मोजलंय,” ती त्याला म्हणाली. “बोटांवर नाही.”

तिच्या डाव्या मनगटावर ते घड्याळ होतं. सप्टेंबरात ती ते करामामधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली होती. त्याने फक्त चावी दिली. दोन दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, “मॅडम, इस में कुछ खराब नहीं. एक मिनट भी आगे-पीछे नहीं है.”

पावणेतीनला तिने चपला, डबे आणि गाड्यांच्या चाव्या चटईवर ठेवल्या आणि ती पाण्यात शिरली. भानुदास तिच्या मागून चालत राहिला. पुढे व्हायचं त्याला धाडस होईना. निम्म्या वाटेवर पाणी गुडघ्याला आलं तशी ती थांबली. तिचे खांदे आक्रसलेले त्याला मागून दिसत होते. आता ती वळणार, असं त्याला वाटलं.

तिने उजवा हात मागे केला. भानुदासने तो धरला. डावं मनगट डोळ्यांसमोर धरून तिने बघितलं.

“तीनला पाच कमी,” ती म्हणाली. “चला, वेळ आहे.”