सिस्टरांचा खुलासा

"चालणारा, चालणारा, बसणारा, उचलायचा."

सकाळी ड्यूटीवर आल्या की सिस्टर पुरुषांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी थांबायच्या, बोट वर करायच्या आणि एवढंच पुटपुटायच्या. पेशंटना वाटायचं, बाई जप करतायत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मी या हॉस्पिटलचा अधीक्षक, म्हणजे इथे काय चाललंय ते सगळ्यांत शेवटी कळणारा माणूस.

आमचं हॉस्पिटल नदीला लागून आहे आणि तो वॉर्ड तळमजल्यावर. पाणी शिरलं तर कोण आपापला जिना चढेल, कोणाला खुर्चीतून न्यावं लागेल आणि कोणाला चौघांनी उचलावं लागेल, हे त्या रोज ठरवून ठेवायच्या. पेशंट बदलतात, म्हणून रोज. मी म्हणालो, अहो, पाणी आलं की दिसेलच ना कोण पडून आहे ते.

"दाराजवळचे आधी निघतात, सर. कोपऱ्यातला राहतो."

हे त्यांनी कुठे पाहिलं होतं, ते मी विचारलं नाही.

त्या मूळच्या यवतमाळकडच्या. निम्मी हयात पुण्यात गेली तरी त्यांना टोमणा मारता यायचा नाही. आमच्याकडे ही मोठीच उणीव धरतात. त्यामुळे त्यांची चेष्टा करायला मजा यायची, आणि मी ती भर मीटिंगमध्ये करायचो. त्या हसायच्या आणि पुन्हा तेच सांगायच्या.

एका पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःच तुळशीबागेतून रिबिनी आणल्या आणि खाटांना बांधल्या. चालणाऱ्याला हिरवी, बसणाऱ्याला पिवळी, उचलायच्याला लाल. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी खराडीत नोकरी करणाऱ्या एका चिरंजीवांनी वडिलांच्या खाटेची लाल रिबीन पाहिली. हॉस्पिटलने वडिलांची आशा सोडली, असा त्यांचा समज झाला. त्यांनी फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि खाली आम्हाला पाचपैकी एक तारा दिला. ट्रस्टींचा मला फोन आला. तासाभरात मी सिस्टरांना मेमो दिला, "विनापरवानगी खाटांना रिबिनी बांधून नातेवाइकांत घबराट पसरवल्याबद्दल". त्या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो.

त्यांनी लेखी खुलासा दिला. दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. मी वाचला नाही. मेमोला टाचून त्यांच्या फाइलला लावा, असं क्लार्कला सांगितलं आणि विषय संपवला.

त्याच जुलैत, भर दुपारी, मागच्या दारातून पाणी आत आलं. लिफ्ट बंद पडली. मी जिन्यावर उभा राहून "लवकर करा, लवकर करा" एवढंच ओरडत होतो. काय लवकर करा, ते मला माहीत नव्हतं. सिस्टर गुडघाभर पाण्यात वॉर्डाच्या मधोमध उभ्या होत्या. रिबिनी नव्हत्या, पण त्यांना तोंडपाठ होतं. चालणाऱ्यांना त्यांनी ज्याचे त्याचे केसपेपर हातात देऊन वर धाडलं. कँटीनची माणसं, ड्रायव्हर, नातेवाईक, ज्याला त्याला खाट दाखवली. उचलायच्यांत पहिला काढला तो कोपऱ्यातला. गाद्या भिजल्या तेव्हा वॉर्डात एकही माणूस नव्हता.

पुढच्या महिन्यात सत्कार झाला. माझा. शाल घेऊन मी भाषण केलं, "आम्ही पेशंटची वर्गवारी आधीच करून ठेवली होती." आम्ही म्हणालो मी, अगदी न अडखळता. सिस्टर तिसऱ्या रांगेत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. त्या मनापासून वाजवत होत्या, हेच मला आजही सोसत नाही.

नंतर त्या केबिनमध्ये आल्या. निवृत्तीला सात महिने उरले होते. मेमो लेखी मागे घ्या आणि ही पद्धत रोजच्या कामात लावून द्या, म्हणजे माझ्यामागेही चालू राहील, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी "बघू" म्हणालो. असं तीनदा झालं. मागे घ्यायचा म्हणजे मेमो कशाबद्दल दिला होता ते लिहावं लागणार, आणि मग माझ्या भाषणाचं काय?

तेवढ्यात तपासणीचं पथक येणार असं कळलं. ते कर्मचाऱ्यांच्या फाइली चाळतात. मी सिस्टरांची फाइल मागवली, टाचलेले कागद काढले आणि फाडून टाकले. वर त्यांना बोलावून ऐटीत सांगितलं, की आता तुमच्या फाइलमध्ये काहीही नाही.

"आणि माझा खुलासा?"

"तोही काढला. सोबतच टाचला होता ना."

त्या दाराकडे वळल्या. "त्यात पद्धत सगळी लिहिली होती, सर," म्हणाल्या आणि वॉर्डात परत गेल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी भांडत नाहीत. त्यांनी भांडावं असं मला फार वाटत होतं. त्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या आणि वाघोलीला मुलीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी मीटिंगचं निमित्त काढून बाहेर राहिलो.

परवा धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप आला. वॉर्डाच्या नव्या इन्चार्ज सिस्टर केबिनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, की मागच्या वेळी वर्गवारी कशी केली होती त्याचा कागद मिळेल का. कागद नाही, असं मी सांगितलं. त्यांनी जुन्या सिस्टरांचा नंबर माझ्यापुढे धरला आणि विचारलं, की फोन करून त्यांनाच विचारू का.

नव्या सिस्टरांनी फोन केला असता, तर मी फाडलेल्या खुलाशाचंही निघालं असतं.

"नको," मी म्हणालो. "निवृत्त बाई आहेत, उगाच कशाला त्रास."