पारडी पालटून

नंदुरबारच्या मिरची बाजारात पितांबर मापाडी सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि आपला काटा टांगायचा. तीन बांबूंची तिकाटी, तिला अडकवलेली लोखंडी दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना साखळ्या आणि पारडी. काटा टांगला की तो जरा वेळ रिकाम्या पारड्यांकडे बघत उभा राहायचा. मग एका पारड्यात वजन, दुसऱ्यात तितकाच माल ठेवायचा. दांडी सरळ झाली की दोन्ही उचलून जागा बदलायचा. वजन होतं तिथे माल, माल होता तिथे वजन. दांडी तरीही सरळ राहिली तर काटा खरा. एकीकडे झुकली तर खोट मालात नाही, वजनात नाही, काट्यातच आहे. याला तो पारडी पालटणं म्हणायचा. बाकीचे मापाडी हे काम दिवाळीला एकदा करत. पितांबर रोज करायचा.

अंगाने काटकुळा, डोळे मिरचीने कायम लाल, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे की हा आत्ताच रडून आलाय. आवाज मात्र मोठा. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची बाजाराची रीत. पितांबरचा ‘लाभ’ रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाई. पोत्यात हात घातला की मिरचीवर पाणी मारलंय का, हे त्याला बोटांनी कळायचं. मारलं असेल तर तो शेतकऱ्याला चारचौघांत काही बोलायचा नाही. पोतं बाजूला सरकवून म्हणायचा, “भाऊ, इले जरा ऊन दाखाड. थंडी वाजी ऱ्हायनी तिले.” मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा लोक नव्या वजनांकडे संशयाने बघत. पितांबर सांगेल तेवढे किलो, असा तोडगा सगळ्यांनी आपसूक काढला.

त्याचं गाव बोरदरे, नंदुरबारहून सायकलने तासाभरावर. घरात तो आणि जसोदाबाई. जसोदाबाई हंगामात पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या रानात, देठ खुडायला जायची. नवरा बाजारात जितका बोलायचा तितकी ती घरात बोलायची.

बासष्ट सालच्या एप्रिलात जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक तोंडावर आली आणि बोरदऱ्यातून दोघेजण उभं राहायला निघाले. एक दगाभाऊ, गावातला जुना शेतकरी, आवाज नांगरासारखा जड, शिक्षण दुसरीपर्यंत. दुसरा प्रेमचंद, गुजरांच्या गल्लीतला, केळी आणि कापूस करणारा, मॅट्रिक होऊन पुढे एक वर्ष सुरतेला शिकलेला. दोघे उभे राहिले तर मतं फुटणार आणि शेजारच्या गावचा माणूस आयता निवडून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माघार कुणीच घेईना. हात वर करून मोजावं, तर त्या हातांची आठवण पुढे लग्नकार्यांत वीस वर्षं निघाली असती.

शेवटी नवल गुरुजींनी तोड काढली. गुरुजी सत्तरीचे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली. ते म्हणाले, “दोघांना चावडीच्या ओट्यावर बसवू. मी प्रश्न विचारीन. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. गाव ऐकेल. आणि निकाल एकच माणूस देईल.”

“कोन?” लोकांनी विचारलं.

“पितांबर. ज्याच्या मापाबद्दल आजवर कुणी भांडला नाही, तो.”

पितांबर सायकल पुसत होता. त्याचा फडका हातातच राहिला.

घरी जसोदाबाई हसून हसून खाली बसली. “तुम्हले पंच करं? भाजीमा मीठ बराबर शे का, ते तं मन्हा तोंडकडे देखीसन सांगतस तुम्ही.”

“मी नही म्हनसू.”

“गुरुजीले नही म्हनशात?”

गुरुजींना नाही म्हणणं त्याला जमलंच नसतं. वडील लवकर गेले तेव्हा गुरुजींनी त्याला संध्याकाळी घरी बोलावून पावकी, निमकी, दिडकीचे पाढे तोंडपाठ करून घेतले होते. मापाड्याच्या परवान्यासाठी चिठ्ठीही त्यांनीच लिहिली. ‘हा मुलगा हिशेबात चुकणार नाही आणि मुद्दाम तर मुळीच चुकणार नाही.’ ती चिठ्ठी बाजार समितीत गेली, पण तिच्यातली ओळ पितांबरला पाठ होती.

सभा रविवारी सकाळी भरली. नंदुरबारहून भाड्याने भोंगा आणला होता, तो कडुलिंबाच्या फांदीला बांधला. बायका आपापल्या ओसरीवरून ऐकत होत्या. ओट्यावर मध्ये गुरुजी, समोर खिशातलं घड्याळ, शाळेची पितळी घंटा आणि प्रश्नांचा कागद. उजवीकडे प्रेमचंद इस्त्रीच्या सदऱ्यात, डावीकडे दगाभाऊ नव्या टोपीत. टोपी डोक्याला घट्ट होत असावी, कारण दगाभाऊ सारखा ती मागे सारत होता. पितांबर ओट्याच्या कडेला, पाय खाली सोडून बसला.

पहिला प्रश्न प्रेमचंदला. “प्रेमचंद, शिक्षणाने गावाची उन्नती कशी होते, ते सांग.”

प्रेमचंद सुरेख बोलला. तीन मिनिटं झाली, चार झाली. गुरुजींनी घंटेला हात लावला, पण वाजवली नाही. “वाक्य पूर्ण कर, बेटा,” असं हळूच म्हणाले. भोंग्यातून ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

दुसरा प्रश्न दगाभाऊला. “खालच्या वस्तीची विहीर चैत्रातच आटते. परिषदेकडे पैसा थोडा, गावं पुष्कळ. शेजारच्या गावानेही विहीर मागितली तर तू काय करशील?”

दगाभाऊने टोपी मागे सारली. “ती विहीर... चौदा हात खोल शे. खाल काया खडक. सुरुंग लावा तं तीन हातमा पानी लागी. मन्हा आजा ती खंदे तवय...” तो अडखळला, आठवू लागला, आणि घंटा वाजली. टण्. तीन मिनिटं पूर्ण. दगाभाऊ तोंड उघडं ठेवून बसला.

प्रेमचंदला मग विचारलं, तरुणांनी समाजासाठी काय करावं. दगाभाऊला विचारलं, परिषदेत किती समित्या असतात आणि रस्ता त्यांतल्या कुठल्या समितीकडे जातो. टण्. प्रेमचंदला हसत हसत, दगाभाऊला चष्म्यावरून बघत.

पितांबरला दांडी झुकल्याचं कळलं. बाजारात दांडी केसभर झुकली की त्याला डोळ्यांनी दिसायच्या आधी समजायचं, तसं. त्याने गुरुजींकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. गुरुजींना मनापासून वाटत होतं की आपण दोघांना सारखं मोजतोय. प्रेमचंद त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि त्यांचा हात आपोआप त्या बाजूला कलत होता, एवढंच. पण असल्या काट्यावर तोललेल्या मालाचं माप तो कसं पुकारणार? आणि पुकारायचं नाही तर भर सभेत उठून गुरुजींना सांगायचं, तुमचा काटा झुकतोय. ज्यांनी त्याला मोजायला शिकवलं त्यांना.

त्याने पाय वर घेतले. मग उठून उभा राहिला.

“गुरुजी, मन्ही एक सवय शे. काटा टांगा का मी पारडा पालटीसन देखस. तुम्हले माहीत शे. आते प्रश्न बी पालटूत. याना त्याले, त्याना याले.”

गुरुजींनी चष्मा काढला.

“म्हणजे माझा काटा खोटा आहे, असं तुझं म्हणणं?”

“खोटा नही म्हनत, गुरुजी. साखळी गंजस, हवा लागस. त्यामा कोनाच हात नही ऱ्हास. पन तपासना पडस.”

गुरुजी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिले. मग त्यांनी कागद उलटा केला. “पालट,” म्हणाले.

आता विहिरीचा प्रश्न प्रेमचंदकडे गेला. प्रेमचंद उभा राहिला, ओठ हलवले आणि थांबला. गुजरांच्या गल्लीतल्या माणसांनी खाली बघितलं.

“मी ती विहीर पाहिलेली नाही,” तो शेवटी म्हणाला. “पाच मिनिटांवर आहे, पण कधी गेलो नाही. दगाभाऊंना खडकाचा रंगही माहीत आहे. न बघता उत्तर दिलं तर ते खोटं होईल. उद्या सकाळी जाईन.” आणि बसला.

मग शिक्षणाचा प्रश्न दगाभाऊकडे. इतका मऊ प्रश्न त्याच्या वाट्याला आयुष्यात आला नव्हता. तो खुलला. शाळेची भिंत पडली तेव्हा आपण सागाच्या दोन तुळया दिल्या, तिथून सुरुवात झाली. मग हायस्कूल आणतो म्हणाला. हायस्कूलला वीज लागेल म्हणून वीज. विजेचे खांब यायचे तर सडक. सडक झाली की मोटार, आणि मोटार थेट तापीपलीकडे, म्हणून पूल. सहा मिनिटं झाली, नऊ झाली. गुरुजी घंटेकडे बघतही नव्हते. एकदा चूक दाखवली गेल्यावर त्यांची घंटा वाजवायची छातीच होत नव्हती. बारा मिनिटं झाली. कुणीतरी मागून म्हणालं, “भाऊ, विमान बी उतराडी दे आठे.”

पितांबर ओट्याच्या कडेवरून हळूच म्हणाला, “गुरुजी, आते उलटं झुकी ऱ्हायनं.”

गुरुजींनी दचकून घंटा वाजवली. गाव असं हसलं की भोंग्यावरचा कावळा उडाला. दगाभाऊ स्वतःही हसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

निकालाला पितांबर उभा राहिला तेव्हा हसू ओसरलं होतं.

“पहिलं काटानं सांगस,” तो म्हणाला. “गुरुजीना काटा पहिले पाव किलो प्रेमचंदकडे होता, मंग अर्धा किलो दगाभाऊकडे गया. आते मधमा शे.” गुरुजींनी घड्याळ खिशात ठेवलं. “दगाभाऊ, गाव तुम्हले जितलं माहीत शे तितलं कोनलेच नही. अवघड प्रश्नमा तुम्ही खरा. पन धुयाले परिषदमा अवघड कोन विचारी? तठे समदा गोड बोलतीन, हार घालतीन. गोड प्रश्नमा तुम्ही वाही जातस. प्रेमचंदले गोड बी विचारं, कडू बी. माहीत नही ते माहीत नही म्हनना. भरेल पोतामा कितला खडा शेतस, ते तोलाना आगोदर सांगनारा मानूस मी बाजारमा दोनच देखात. प्रेमचंदले धाडा.” त्याने खालच्या वस्तीकडे बोट केलं. “आनि सकाये विहिरवर दगाभाऊ त्याले ली जातीन.”

सगळे दगाभाऊकडे वळले. तो टोपीची कड चाचपत होता. “ली जासू,” तो म्हणाला. “पन चालत. हाऊ सदरा मळू दे जरा.”

गाव खुशीत घरी गेलं. गुरुजी मात्र घंटा काखेत धरून एकटेच निघून गेले.

“निकाल बराबर दिना तुम्ही,” जसोदाबाई म्हणाली. सगळं तिने ओसरीवरून ऐकलं होतं. “पन गुरुजीले पाव किलो म्हनाले नही पाह्यजे व्हतं.”

“मंग कितलं म्हनू? छटाक?”

“आते छटाक कथाईन उना? किलो तुम्हीच शिकाडा ना गावले.”

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना तो मुद्दाम गुरुजींच्या दारावरून गेला. दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी उघडं होतं, पण गुरुजी पाठमोरे बसलेले. आठवडा गेला. प्रेमचंदचा अर्ज भरला गेला, दगाभाऊ त्याच्यासोबत गावोगाव फिरू लागला, सगळं गाव कामाला लागलं. पितांबर रोज काटा टांगायचा, पारडी पालटायचा, आणि दांडी सरळ झाली तरी तिच्याकडे बघत राहायचा. ‘मुद्दाम तर मुळीच चुकणार नाही.’ ती ओळ आता त्याला टोचत होती. चुकलो नाही हे त्याला माहीत होतं. पण न चुकणं एवढं जड लागेल, हे गुरुजींनी कधी शिकवलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी हंगामाचा शेवटचा माल उतरत होता. पोत्यांच्या रांगेमागून एक काठी पुढे आली, मागून छत्री, मागून गुरुजी. बसने आले होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. हातात रुमालात बांधलेलं गाठोडं. परसातल्या चार रोपांच्या वाळलेल्या मिरच्या, फार तर दोन किलो.

हमाल बघत राहिले. एवढासा माल कुणी या काट्यावर आणत नाही.

“तोल,” गुरुजी म्हणाले.

पितांबरने मिरच्या पारड्यात ठेवल्या, वजन ठेवलं. दांडी सरळ झाली. तो पुकारायला तोंड उघडणार, तोच गुरुजींनी काठीने पारड्याला टोकलं.

“असं नही,” ते म्हणाले. शाळेत किंवा सभेत त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती ती घरची बोली. “पारडा पालटीसन तोल.”

पितांबरने पालटली. दांडी तशीच सरळ राहिली. गुरुजी वाकून, चष्मा सावरत, तिच्याकडे पाहत होते. मग मान वर करून म्हणाले, “हाई माले पन्नास वरीस मांगे कोनी शिकाडं व्हतं, तं कितला पोरेस्ना मार वाचता.”

पितांबरचे डोळे नेहमीप्रमाणेच लाल होते, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. त्याने त्या दोन किलोंना असा ‘लाभ’ ठोकला की फाटकावरच्या माणसाने मागे वळून पाहिलं.