बरडावरची लाल माती

चूक माझी होती, आणि दीड वर्ष मी ती दुसऱ्याच्या माथी मारली.

बोरी अरब गावाच्या बाजूला आमचं शेत आहे. त्याच्या वरच्या अंगाला चार एकर बरड, म्हणजे उताराची मुरमाड जमीन. वडिलांनी तिथं कधी नांगर घातला नाही. पळस, बोरीची झुडपं आणि मांडीइतकं गवत. दसऱ्यानंतर ते कापायचं, बैलांना पुरायचं. पुढे बैल विकले, ट्रॅक्टर आला, आणि ते रान मला फुकट पडल्यासारखं दिसू लागलं. जेसीबी लावून दोन दिवसांत साफ केलं. ट्रॅक्टरला वळायला अडचण नको म्हणून मधले धुरे, म्हणजे बांधही मोडले. कपाशी लावली ती उताराच्या दिशेनं, वरून थेट खालपर्यंत तासं, म्हणजे सरळ ओळी. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मला अभिमान वाटायचा.

बरडाखाली नाला, आणि नाल्याकाठी, गावात सगळे ज्यांना चाचा म्हणतात, त्यांचं दीड एकर. चाचा गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. विहिरीच्या भरवशावर मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे, चाची बाजारात विकायची. नाला पूर्वी होळीपर्यंत वाहायचा. मी बरड मोडलं त्या वर्षी तो पावसात तासभर गढूळ होऊन धावायचा, काठ सोडून चाचांच्या विहिरीत शिरायचा आणि ओसरायचा. दिवाळीआधीच रेती उघडी पडली. पौषात विहिरीनं तळ गाठला.

चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा कोणी माझ्या बरडाचं नाव घेईल या धास्तीनं मीच आधी बोललो, "चाचा, गावच्या मोटारी दुरुस्त करता अन् सोताच्या विहिरीतला गाळ काढाले फुरसत नाही तुमाले. झरे बुजले असन." लोक हसले. चाचाही हसले.

तेव्हापासून मला चैन पडेना. रोज सकाळी नाल्यात जाऊन रेतीत काठी खुपसायची, ओल किती खाली गेली ते बघायचं. आधी वीतभर, मग हातभर, मग काठी कोरडीच वर यायची. रोज नाल्यावर कायले जाता, असं बायको विचारायची. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. जोराची सर आली की बरडावर जाऊन बघायचो, पडलेलं पाणी मुरताना दिसायचंच नाही. माझ्याच तासांतून ते खाली पळायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात चाचांनी माझं ऐकून गाळ काढायला घेतला. ते स्वतः विहिरीत, वरून चाची दोरानं पाट्या ओढायची. मी गेलो तेव्हा काठावर ढीग पडला होता, लाल, मुरमाच्या खड्यांचा. नाल्याकाठची माती तर सगळी काळी. मूठभर उचलली, आणि ती कुठून आली हे विचारायची गरज उरली नाही.

चाची म्हणाली, "झरे मोकळेच हायेत, भाऊ. पाणीच नाही येऊन राह्यलं."

आतून चाचांचा आवाज आला, "तुह्या सल्ल्यानं गाळ उपसून माह्यं पोट तेवढं कमी झालं, बाबू."

मी हसलो आणि घरी आलो. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ठरवलं, आधी धुरे घालू, तासं आडवी करू, गवत येऊ देऊ, मग बोलू. पण गवत एका पावसात येत नाही, आणि तोवर चाची रिकाम्या टोपलीनं बसणार होती. आठ दिवस मी टपरीकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी गेलो. तीच माणसं होती, चाचा बाकावर बशीतला चहा फुंकत होते. बसलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून उभाच राहिलो.

"चाचा, तुमच्या विहिरीत काही खराबी नव्हती. बरड म्या उघडं केलं, म्हणून पाणी मुरून नाही राह्यलं. विहिरीतली लाल माती माही हाये. मले हे आधीपासून माहीत होतं, तरी मी चारचौघांत तुमाले हसलो. चुकलो. मले माफ करा."